ख्रिस्ताचें स्वर्गारोहण व नित्याचें जीवन

ख्रिस्ती वर्षांत येणाऱ्या सणांपैकीं नाताळ व पुनरुत्थानदिन हे दोन सण सर्वांच्या परिचयाचे आहेत. नाताळ आला हें शेजारपाजारच्या घरांसही कळतें. दारावर तारा लागतो, फराळाचीं ताटें या घरांतून त्या घरांत जातात. पुनरुत्थानाच्या पहाटे उपासनामंदिर भरून जातें. परंतु त्या दिवसापासून मोजूं लागलें असतां चाळिसाव्या दिवशीं जो सण येतो, त्याची वार्ता पुष्कळ वेळां मंडळीच्या उंबरठ्याबाहेर पडत नाहीं. तो सण म्हणजे येशू ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा. पुनरुत्थानाचा दिवस रविवार असल्यामुळें हा चाळिसावा दिवस नेहमीं गुरुवारींच येतो. २०२४ सालीं तो ९ मे रोजीं आला, २०२५ सालीं २९ मे रोजीं. जर्मनी, इंडोनेशिया अशा कांहीं देशांत त्या दिवशीं सार्वजनिक सुटी असते; इतरत्र बहुधा तो कामाचा वार असतो, म्हणून कित्येक मंडळ्या तो पुढच्या रविवारीं पाळतात. असें असलें तरी हा सण अर्वाचीन नव्हे. इ. स. ४०० च्या सुमारास ऑगस्टीन या आचार्यानें लिहिलेल्या एका पत्रांत, जगभर पाळल्या जाणाऱ्या सणांमध्यें त्याची गणना केलेली आहे.

या सणाविषयीं जी उदासीनता दिसते, तिचें एक कारण उघड आहे. जन्माचा आनंद समजतो. मरणावरील जयाचा आनंदही समजतो. पण निघून जाण्याचा आनंद कोणीं व कसा करावा? घरांतील कर्ता माणूस दूरदेशीं निघाला, तर वेशीपर्यंत पोहोंचवावयास गेलेलीं माणसें डोळे पुशीत परत येतात. शिष्यांच्या बाबतींत मात्र लूक उलट वृत्तान्त देतो. आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटीं तो सांगतो कीं, येशूनें त्यांस बेथानीपर्यंत नेलें, हात वर करून आशीर्वाद दिला, आणि आशीर्वाद देत असतांनाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला; तेव्हां ते मोठ्या आनंदानें यरुशलेमेस परतले. हा आनंद विलक्षण आहे. तो कोठून आला हें उमगलें, म्हणजे या सणाचा नित्याच्या जीवनाशीं काय संबंध आहे हेंही उमगेल.

प्रथम 'स्वर्गारोहण' या शब्दाचा विचार करणें अवश्य आहे. मराठी मनास हा शब्द परका नाहीं. महाभारताचें अठरावें व शेवटचें पर्व याच नांवाचें आहे, आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाची कथा महाराष्ट्रांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळें हा शब्द कानीं पडतांच एका महान जीवनयात्रेची समाप्ति डोळ्यांपुढें उभी राहते: इहलोकींचें कार्य संपलें, ऋणानुबंध सुटले, आतां ग्रंथ मिटावयाचा. लूकच्या लेखनांत मात्र ही घटना दोनदां येते. एकदां ती पहिल्या ग्रंथाच्या शेवटीं येते व दुसऱ्यांदा 'प्रेषितांचीं कृत्यें' या दुसऱ्या ग्रंथाच्या आरंभीं. त्या दुसऱ्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यांत तो सुचवितो कीं, येशूनें जें करावयास व शिकवावयास आरंभ केला तें पहिल्या ग्रंथांत सांगितलें आहे. म्हणजे आरंभ मात्र झाला होता. कार्य पुढें चालावयाचेंच होतें. एका ग्रंथाचें मिटणारें पान तेंच दुसऱ्याचें उघडणारें पान आहे. ख्रिस्ती अर्थानें स्वर्गारोहण ही कार्याची समाप्ति नसून त्याच कार्याची नवी रीति आहे.

दुसरी शंका अलीकडील मनास विशेष येते. दुर्बिणींनीं व अंतराळयानांनीं आकाश धुंडाळलें गेलें असतां 'वर जाणें' याचा अर्थ काय घ्यावयाचा? ही शंका वाटते तितकी नवी नाहीं, आणि शास्त्रवचनांची भाषा नीट पाहिली असतां तिचें निरसनही होतें. लूक सांगतो कीं, एका ढगानें येशूस शिष्यांच्या दृष्टीआड केलें. पवित्र शास्त्रांत ढग हें केवळ पावसाचें चिन्ह नव्हे. सीनाय पर्वतावर मोशे ढगांत शिरला. निवासमंडप ढगानें झांकला गेला. पर्वतावर येशूचें रूपांतर झालें तेव्हांही ढगानें छाया केली. प्रत्येक ठिकाणीं ढग हें देवाच्या सान्निध्याचें लक्षण आहे. म्हणून या वर्णनाचा रोख कोणत्या उंचीवर गेला याकडे नसून कोणाच्या सन्निध गेला याकडे आहे. 'देवाच्या उजवीकडे बसणें' हेंही तसेंच. एकशें दहाव्या स्तोत्रांतून आलेला हा शब्दप्रयोग राजदरबारचा आहे. राजाच्या उजव्या हाताशीं बसणारा त्याच्या सत्तेचा वांटेकरी असतो. आठव्या शतकांतील दमास्कसचा योहान या पंडितानें स्पष्टच सांगितलें आहे कीं, पित्याची उजवी बाजू म्हणजे एखादी जागा नव्हे, कारण जो अमर्याद आहे त्याला डावें उजवें कसलें? तो शब्द गौरव व सत्ता यांचा वाचक आहे.

ही सत्तेची भाषा त्या काळच्या लोकांच्या कानांस किती धारदार लागली असेल, हें रोमच्या इतिहासावरून कळतें. इ. स. १४ मध्यें सम्राट ऑगस्टस मरण पावला. त्याचें स्वर्गारोहण आपण प्रत्यक्ष पाहिलें, असें न्यूमेरियस ॲटिकस नांवाच्या एका सरदारानें शपथेवर सांगितलें, आणि सम्राटाची विधवा लिव्हिया हिनें त्याबद्दल त्यास दहा लक्ष सेस्टर्स नाणीं दिलीं, असें इतिहासकार कॅशस डिओ लिहितो. इ. स. ७० मध्यें यरुशलेम उद्ध्वस्त करणारा टायटस हा सम्राट वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ रोममध्यें जी कमान उभारली गेली, तिच्या छतावर गरुडारूढ होऊन वर जाणारा टायटस आजही कोरलेला दिसतो. सम्राटाचें असें स्वर्गारोहण घोषित झालें म्हणजे त्याच्या वारसाचें सिंहासन बळकट होई. याच जगांत कांहीं कोळी, एक जकातदार व कांहीं स्त्रिया सांगूं लागल्या कीं, ज्यास रोमच्या सुभेदारानें गुन्हेगार म्हणून खांबावर चढविलें तोच देवाच्या उजवीकडे बसला आहे. येथें साक्षीबद्दल द्रव्य मिळत नव्हतें. उलट जीव द्यावा लागे. दुसऱ्या शतकांत स्मुर्ना येथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प यास 'कैसर प्रभु आहे' एवढेंच म्हणण्यास सांगण्यांत आलें होतें. त्यानें तें म्हटलें नाहीं व तो जाळला गेला. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणावर विश्वास ठेवणें म्हणजे पृथ्वीवरील कोणतीही सत्ता अखेरची नव्हे, हें मनांत पक्कें धरणें होय. ज्याच्या मनांत हें ठसलें तो कायदा मोडीत सुटत नाहीं. पण वरिष्ठानें खोटी सही मागितली, जमावानें निरपराध्यास दगड मारावयास बोलाविलें, तर नाहीं म्हणण्याचें बळ त्यास येथून मिळतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावें. ख्रिस्त गेला, तर तो नित्याच्या जीवनांत कसा भेटतो? या प्रश्नाचें उत्तर बेथानी या गांवाच्या नांवांतच लपलेलें आहे. यरुशलेमेपासून सुमारें तीन किलोमीटरांवर, जैतून डोंगराच्या पूर्व उतारावर हें खेडें होतें. तेथें मार्था, मरीया व त्यांचा भाऊ लाजार राहत. लाजार आजारी पडला तेव्हां येशू दूर होता. निरोप पोहोंचूनही तो वेळेवर आला नाहीं आणि लाजार मेला. येशू आल्यावर दोघी बहिणींनीं वेगवेगळ्या वेळीं, पण एकच गाऱ्हाणें केलें: तो येथें असता तर भाऊ मेला नसता. जगांतील प्रत्येक दुःखी घराचें गाऱ्हाणें याहून निराळें नाहीं. येशू देहानें पृथ्वीवर होता तोंपर्यंत या गाऱ्हाण्यास जागाही होती. तो कफर्णहूमास असला म्हणजे बेथानीस नसे, एका आजाऱ्याजवळ असला म्हणजे दुसऱ्याजवळ नसे. लोकांची गर्दी त्यास घेरी आणि पक्षघातानें आजारी असलेल्याच्या मित्रांस छप्पर उकलावें लागे. त्याच बेथानीच्या परिसरांतून तो वर घेतला गेला, हें लूकनें सांगितलें आहे. मरणापूर्वीं त्यानें शिष्यांस समजाविलें होतें कीं, त्याचें जाणें त्यांच्या हिताचें आहे, कारण तो गेल्यावांचून कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, यावयाचा नाहीं. पुनरुत्थानाच्या सकाळीं मरीया मग्दालिया त्यास बिलगूं लागली, तेव्हां त्यानें तिला अडविलें तें याचसाठीं. एका ठिकाणीं धरून ठेवतां येईल अशी ती जवळीक संपून, सर्वत्र मिळेल अशी जवळीक यावयाची होती. स्वर्गारोहणानंतर कोणासही छप्पर उकलावें लागत नाहीं. इस्पितळाच्या खाटेवरील रोगी, रात्रपाळीस जाणारा गिरणीकामगार, परगांवीं एकटें राहणारें मूल, या प्रत्येकास तो सारखाच समीप आहे. पांचव्या शतकांतील रोमचा अध्यक्ष लिओ यानें या सणाच्या आपल्या प्रवचनांत हेंच दुसऱ्या प्रकारें मांडलें: तारणाऱ्याचें जें रूप पूर्वीं डोळ्यांस दिसे, तें आतां मंडळीच्या पवित्र संस्कारांतून लाभतें.

मात्र येथें एक भेद विसरतां कामा नये. ख्रिस्त देह टाकून वर गेला नाहीं, देहासह गेला. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते आणि ते त्यानें थोमास दाखविले. ते वण पुसून मग तो गौरवांत गेला, असें शास्त्र कोठेंही म्हणत नाहीं. त्या हातांनीं नासरेथांत सुतारकाम केलें होतें. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें देवाच्या सिंहासनाशीं आज मनुष्याचा देह आहे. घट्टे पडलेल्या, घाव सोसलेल्या हातांचा देह आहे. १५६३ सालीं जर्मनींत तयार झालेल्या हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरावलींत स्वर्गारोहणाचे जे तीन लाभ सांगितले आहेत, त्यांतील एक हाच: मस्तक असलेल्या ख्रिस्ताच्या ठायीं आपला देह स्वर्गांत तारण म्हणून ठेवलेला आहे, म्हणून तो आपल्या अवयवांसही तेथें नेईल. व्यवहारांत गहाण ठेवलेली वस्तु सोडविण्यास धनी येतो, तसाच हा करार आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मरणानें नेलेला आप्त शून्यांत गेला नाहीं. मातीचा मार्ग कोठें पोहोंचतो हें एका देहानें आधींच दाखविलें आहे. दुसरी, देह ही तुच्छ वस्तु नव्हे. आजाऱ्याचें अंग पुसणें, भुकेल्यास वाढणें, वृद्ध आईचे पाय चेपणें, हीं कामें आध्यात्मिक जीवनाच्या बाहेरचीं नव्हेत. ज्या देहास देवानें आपल्या उजवीकडे जागा दिली, त्याच जातीच्या देहाची ती सेवा आहे.

स्वर्गारोहणाचा प्रार्थनेशीं जो संबंध आहे, तो 'इब्री लोकांस पत्र' यांत विस्तारानें सांगितला आहे. जुन्या करारांतील प्रमुख याजक पवित्र स्थानांत जाई, तेव्हां त्याच्या खांद्यांवरील दोन रत्नांवर इस्राएलाच्या बारा वंशांचीं नांवें कोरलेलीं असत, आणि छातीवरील ऊरपटाच्या बारा रत्नांवरही तींच नांवें असत. बाहेर राहिलेला गरीब मेंढपाळ आंत पाऊल टाकूं शकत नसे; पण त्याच्या वंशाचें नांव याजकाच्या छातीवर आंत जाई. पत्राचा लेखक म्हणतो कीं, ख्रिस्त हा असाच याजक असून तो हातांनीं बांधलेल्या मंदिरांत न जातां प्रत्यक्ष देवासमोर गेला आहे. दुसरे याजक रोज उभे राहून तेच तेच यज्ञ करीत. त्यांचें काम संपतच नसे. हा मात्र एकदांच अर्पण करून बसला. आणि बसूनही तो स्वस्थ नाहीं. तो आपल्या लोकांसाठीं मध्यस्थी करीत आहे. ज्यानें स्वतः भूक, श्रम, परीक्षा व मित्रांचा विश्वासघात अनुभविला, तोच तेथें बोलणारा असल्यामुळें दुर्बळानें धीटपणें जवळ यावें, असा त्या पत्राचा उपदेश आहे. पुष्कळ सत्प्रवृत्त माणसांस प्रार्थनेचें दडपण वाटतें. शब्द सुचत नाहींत, मन भरकटतें, दिवसभराच्या दगदगीनंतर गुडघे टेकतांच झोंप येते, आणि मग आपली प्रार्थना पोहोंचली नाहीं असें त्यांस वाटतें. स्वर्गारोहणाचें शिक्षण त्यांस सांगतें कीं, प्रार्थना त्यांच्या वक्तृत्वावर तरत नाहीं. त्यांच्या आधीं त्यांचें नांव तेथें पोहोंचलेलें आहे.

या शिक्षणाचा एक दुरुपयोगही होऊं शकतो. स्वर्गाकडे डोळे लावून बसणारा मनुष्य पृथ्वीवरील कर्तव्यें टाळतो, असा आरोप ख्रिस्ती लोकांवर अनेकदां झाला आहे, आणि तो सर्वस्वीं निराधार नाहीं. परंतु त्याचा निषेध प्रथम शास्त्रानेंच केला आहे. शिष्य आकाशाकडे पाहत उभे असतां शुभ्र वस्त्रें घातलेल्या दोघांनीं त्यांस, असे कां उभे राहिलांत, म्हणून हटकलें. तेव्हां ते डोंगर उतरून शहरांत आले. तें अंतर शब्बाथ दिवशीं चालण्यास परवानगी असे तेवढेंच, म्हणजे सुमारें एक किलोमीटर होतें. त्यानंतर त्यांनीं काय केलें? ते माडीवरच्या खोलींत एकत्र राहिले, स्त्रियांसह व येशूच्या आईसह प्रार्थना करीत राहिले, आणि यहूदाची रिकामी झालेली जागा भरण्यासाठीं मत्थियाची निवड केली. एकत्र राहणें, प्रार्थना करणें, मंडळीचें अपुरें काम पुरें करणें, यांत चमत्काराचें असें कांहींच नाहीं. स्वर्गारोहणानंतरचा पहिला ख्रिस्ती दिनक्रम इतका साधा होता.

माणसाचा स्वभाव मात्र ठसा शोधण्याचा. चौथ्या शतकाच्या अखेरीस पोइमेनिया नांवाच्या एका धनाढ्य स्त्रीनें जैतून डोंगरावर या घटनेचें स्मारकमंदिर बांधविलें. पुढें क्रूसेडच्या काळांत, बाराव्या शतकांत, तेथें अष्टकोनी वास्तु उभी राहिली. ११८७ सालीं सलाहुद्दीनानें यरुशलेम घेतल्यानंतर ती मुसलमानांच्या ताब्यांत गेली व आजही त्यांच्याच व्यवस्थेखालीं आहे. सणाच्या दिवशीं ख्रिस्ती लोकांस तेथें उपासना करूं देतात. आंत एक शिला आहे आणि तिच्यावर ख्रिस्ताच्या पावलाचा ठसा आहे असें यात्रेकरू मानतात. ही श्रद्धा भाबडी म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. पण ख्रिस्ताचीं पावलें त्या शिलेपाशीं थांबलीं असें समजणें मात्र चुकीचें होईल. 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथांत तीं पावलें पुढें यरुशलेमेच्या रस्त्यांवरून, शमरोनांतून, अंत्युखियांतून, रोमपर्यंत चाललेलीं दिसतात. फरक इतकाच कीं, आतां तीं दुसऱ्यांच्या पायांनीं चालतात.

पौलाच्या पत्रांत हा विचार व्यवहाराच्या पायरीवर येतो. कलस्सैकरांस लिहितांना तो त्यांस वरील गोष्टींकडे मन लावावयास सांगतो, कारण ख्रिस्त तेथें देवाच्या उजवीकडे बसला आहे. हें वाचून कोणास वाटेल कीं, पुढें ध्यानधारणेचे नियम येतील. प्रत्यक्षांत येतात ते राग, निंदा, शिवीगाळ व लबाडी सोडण्याचे नियम. नंतर घरांतील माणसांची पाळी येते: नवऱ्यानें बायकोशीं निष्ठुर होऊं नये, बापानें पोरांस चिडवून त्यांचा धीर खचवूं नये, धन्यानें दासांशीं न्यायानें व समतेनें वागावें, कारण त्या धन्यावरही स्वर्गांत एक धनी आहे. वरील गोष्टींकडे मन लावणें म्हणजे काय, याचा पौलानें केलेला अर्थ हा असा स्वयंपाकघरापर्यंत व कामाच्या जागेपर्यंत पोहोंचतो. फिलिप्पैकरांस तो सांगतो कीं, त्यांचें नागरिकत्व स्वर्गांतील आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, इ. स. पूर्व ४२ मधील प्रसिद्ध लढाईनंतर तेथें निवृत्त रोमन शिपाई वसविले गेले होते. त्या शिपायांचें नागरिकत्व रोमचें होतें याचा अर्थ त्यांनीं रोमकडे डोळे लावून हातावर हात ठेवून बसावें असा नव्हता. मासेदोनियांत राहून रोमचा कायदा व रोमची रीत चालवावी असा होता. पौलाचा दृष्टान्त त्यांस तत्काळ समजला असेल. स्वर्गाचा नागरिक तो, जो आपल्या गल्लींत स्वर्गाची रीत चालवितो.

येथें एक कडू सत्यही सांगणें भाग आहे. दासांनीं आज्ञा पाळावी हें पौलाचें वाक्य गुलामांच्या मालकांनीं शतकानुशतकें मोठ्यानें वाचलें, आणि धन्यावरही धनी आहे हें त्याच परिच्छेदाच्या शेवटचें वाक्य हलक्या आवाजांत वाचलें. परंतु ज्या तुखिकाबरोबर कलस्सैचें पत्र गेलें, त्याच्या सोबत अनेसिम नांवाचा मनुष्य होता. फिलेमोनास लिहिलेल्या छोट्या पत्रांत त्याच नांवाचा एक दास भेटतो, आणि त्यास यापुढें दास म्हणून न स्वीकारतां प्रिय बंधु म्हणून स्वीकारावें, अशी गळ पौल त्याच्या धन्यास घालतो. हें बीज रुजावयास फार काळ लागला. ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामांचा व्यापार १८०७ सालीं व आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी १८३३ सालीं कायद्यानें बंद केली. अमेरिकेंत ती १८६५ सालीं घटनेनें नष्ट झाली. त्या लढ्यांत दोन्ही बाजूंस बायबल हातीं धरलेले लोक होते. सिंहासनावर बसलेला एकच आहे, हें ज्यांनीं खरें मानलें, त्यांस दुसऱ्या मनुष्याचें धनीपण अखेर पटेना. आजही घरकाम करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर देणें, तिच्याशीं एकेरी बोलतांना जीभ आवरणें, हातगाडीवाल्याशीं मजुरीची घासाघीस करतांना त्याच्या घामाचा विचार करणें, या गोष्टी स्वर्गारोहणाच्या विश्वासाचीच परीक्षा आहेत.

शेतीशींही या सणाचें जुनें नातें आहे. इ. स. ४७० च्या सुमारास गॉल देशांतील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, व्हिएन या नगरावर भूकंपाच्या व आगीच्या आपत्ति कोसळल्या. तेथील अध्यक्ष मामर्टस यानें स्वर्गारोहणाच्या आधींचे तीन दिवस, सोमवार ते बुधवार, उपवास व विनंतीच्या फेऱ्या यांसाठीं नेमून दिले. ५११ सालीं ऑर्लीन्स येथील धर्मपरिषदेनें ही चाल पसरविली. पुढें युरोपांत या दिवसांत मंडळी शेताशेतांतून फिरे, कोंवळ्या पिकासाठीं प्रार्थना करी. इंग्लंडांत गांवाच्या शिवेवरून फेरी काढून मुलांस सीमा दाखविण्याचीही रूढि पडली. जो राजा वर जावयाचा, त्याच्या हातीं आधीं शेताचें, पावसाचें व शिवेच्या तंट्यांचें गाऱ्हाणें द्यावयाचें, हा या चालीचा सरळ भाव होता. स्वर्ग व शिवार यांत त्या लोकांस अंतर वाटत नव्हतें.

तरीही एक प्रश्न उरतोच. ख्रिस्त राज्य करीत आहे, तर अन्याय कां चालतो, निष्पाप मूल कां मरतें? नवा करार हा प्रश्न झांकीत नाहीं. इब्री लोकांस पत्र लिहिणारा कबूल करतो कीं, सर्व कांहीं त्याच्या अधीन झालेलें अद्याप दिसत नाहीं. दिसतो तो येशू, ज्यानें स्वतः मरण भोगलें. विश्वास हा या दोन वाक्यांच्या मध्यें जगत असतो. मंडळीचा पहिला रक्तसाक्षी स्तेफन दगडांच्या वर्षावांत मरत होता तेव्हां त्याच्या शरीरावर आलेला एकही दगड थांबला नाहीं. पण आकाश उघडलेलें त्यास दिसलें, आणि ख्रिस्त देवाच्या उजवीकडे उभा असलेला दिसला. इतरत्र बहुधा त्याचें वर्णन बसलेला असें आहे. येथें मात्र, जणूं आपल्या माणसाच्या स्वागतासाठीं, तो उठून उभा आहे. स्तेफनानें मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागितली. मारेकऱ्यांचीं वस्त्रें सांभाळणारा तरुण शौल पुढें दिमिष्काच्या वाटेवर त्याच ख्रिस्ताकडून अडविला गेला, आणि शौल आपल्या लोकांस नव्हे तर प्रत्यक्ष आपणास छळतो, असें ख्रिस्तानें त्यास सांगितलें. ऑगस्टीन यावर म्हणतो कीं, पाय तुडविला गेला असतां तोंड ओरडतें. तसें पृथ्वीवरील अवयवांचें दुःख स्वर्गांतील मस्तकानें आपलें म्हटलें. गौरवांत गेलेल्या ख्रिस्तास पृथ्वीवरील आघात अजूनही लागतो. दुःखी मनुष्यास सर्व कारणांचा उलगडा यांतून होत नाहीं. पण तो एकटा सोसत नाहीं, एवढें खात्रीनें कळतें.

स्वर्गारोहणाचा सण गुरुवारीं येतो हें या अर्थास शोभण्यासारखेंच आहे. आठवड्याच्या ऐन मध्यें, कचेऱ्या व शाळा चालू असतां, बाजार भरलेला असतां, तो येतो. त्या दिवशीं सकाळच्या उपासनेस जाण्यास ज्यास सवड मिळत नाहीं, त्यासही तो पाळतां येतो. हिशेब खरा लिहावा. कोणाच्या आजारपणाची बातमी कळली तर त्याच्या दाराशीं जावें. ज्याचें नांव घेण्यास मन कचरतें, त्याचें नांव प्रार्थनेंत घ्यावें. कोणी बलवान् दुर्बळास दाबीत असला तर मधें उभें राहावें. शिष्य डोंगरावरून शहरांत उतरले तेव्हां त्यांच्यापुढें हींच कामें होतीं, आणि तीं करावयास ते आनंदानें निघाले होते.